तीर्थरक्षक विधिज्ञ : श्री. वीरचंद राघवजी गांधी

कोणतीही धर्मसंस्था जन्माला येते ती श्रद्धेतून. परंतु पिढ्यान्‌पिढ्या टिकते ती व्यवस्थेमुळे. श्रावक दान देतो, मंदिर उभे राहते, धर्मशाळा बांधली जाते, शेतजमीन देवाच्या नावे होते. पुढे दाता जातो, पंच जातात, आणि मागे उरतात ते कागद. ते कागद नीट असतील तर संस्था तरते. नसतील तर लाखमोलाची इस्टेट कोणाची, हा प्रश्न न्यायालयाच्या दारात उभा राहतो. म्हणूनच विश्वस्त संस्था स्थापन करू इच्छिणाऱ्या समाजधुरिणांना दात्याच्या शोधाइतकीच चांगल्या वकिलाच्या शोधाचीही चिंता असते. कायदा जाणणारा, धर्माविषयी आस्था असणारा आणि समाजाच्या कामात स्वतःचा लाभ न पाहणारा वकील मिळणे हे संस्थेचे मोठे भाग्य होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील जैन समाजाला असा एक तरुण लाभला. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतील जैन प्रतिनिधी म्हणून श्री. वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव सर्वपरिचित आहे. परंतु शिकागोला जाण्यापूर्वी जवळजवळ आठ वर्षे त्यांनी समाजाच्या संस्थेचे अवैतनिक चिटणीस म्हणून जे कायदेविषयक कार्य केले, त्याची ओळख आजच्या पिढीला तितकीशी नाही. सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी त्या कार्याचे स्मरण करणे उचित ठरेल.

जन्म व शिक्षण

वीरचंदभाईंचा जन्म २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा या गावी झाला. महुवा हे भावनगर संस्थानातील समुद्रकाठचे व्यापारी गाव. त्यांचे वडील राघवजीभाई गावचे नगरशेठ होते. घरचे वातावरण धार्मिक, पण डोळस होते. प्राथमिक शिक्षण महुव्यात झाल्यावर ते भावनगरला शिकले आणि मॅट्रिकच्या परीक्षेत त्यांनी सर जसवंतसिंहजी शिष्यवृत्ती मिळविली. पुढील शिक्षणासाठी ते मुंबईस आले व एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ साली बी. ए. ची पदवी त्यांनी सन्मानपूर्वक संपादन केली. ज्या काळात व्यापारी घरातील मुलाने वह्या-खात्यांचे ज्ञान मिळवून पेढीवर बसावे अशीच अपेक्षा असे, त्या काळात हे शिक्षण ही असाधारण गोष्ट होती.

पदवीनंतर त्यांनी मुंबईतील एका सॉलिसिटर कंपनीत उमेदवारी सुरू केली. दस्तऐवज कसा वाचावा, मालकी कशी सिद्ध करावी, अर्जातील एकेका शब्दाचे वजन कसे असते, याचे शिक्षण त्यांना येथे मिळाले. पुढे समाजाच्या कामी आले ते हेच शिक्षण.

त्या काळची परिस्थिती

वीरचंदभाईंच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्या काळचा कायदा कसा होता हे पाहिले पाहिजे. आज महाराष्ट्रात विश्वस्त संस्थेची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते, तिला नोंदणी क्रमांक मिळतो, तिच्या मिळकतीची नोंद सरकारदरबारी राहते. त्या काळी यातील काहीच नव्हते. १८६३ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देवस्थानांच्या व्यवस्थेतून आपले अंग काढून घेतले होते. १८८२ साली भारतीय न्यास अधिनियम झाला. पण तो खासगी न्यासांपुरता होता, सार्वजनिक धार्मिक संस्थांना तो लागू नव्हता. त्यामुळे तीर्थे व मंदिरे यांचा आधार म्हणजे जुन्या सनदा, ताम्रपट, शिलालेख, पेढीच्या वह्या आणि चालत आलेली वहिवाट. तंटा झालाच तर दिवाणी न्यायालय किंवा गोऱ्या अधिकाऱ्याचा दरबार, एवढेच दोन मार्ग होते. दोन्ही ठिकाणी भाषा इंग्रजी आणि पद्धत परकी. गावोगावचे संघ धनसंपन्न होते, धर्मनिष्ठ होते, पण त्यांची बाजू कायद्याच्या भाषेत मांडणारा माणूस त्यांच्यात विरळाच होता.

समाजाला ही उणीव जाणवू लागली होती. शत्रुंजय तीर्थाची व्यवस्था पाहणाऱ्या शेठ आणंदजी कल्याणजी पेढीची घटना १८८० साली अहमदाबाद येथे नगरशेठ प्रेमाभाई हेमाभाई यांच्या पुढाकाराने तयार झाली आणि निरनिराळ्या गावांच्या संघांचे प्रतिनिधी तिच्याशी जोडले गेले. १८८२ साली जैन असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेची स्थापना झाली. संस्था झाली, नियम झाले. आता कागद हाताळणारा माणूस हवा होता. १८८५ साली संस्थेने आपल्या चिटणीसपदासाठी अवघ्या एकवीस वर्षांच्या वीरचंदभाईंची निवड केली. पांढऱ्या मिशांच्या शेठसावकारांनी एका तरुण पदवीधरावर एवढा विश्वास टाकावा, यातच त्या पिढीचे शहाणपण दिसते.

शत्रुंजयाचा करार

चिटणीसपद स्वीकारताच वीरचंदभाईंसमोर शत्रुंजयाचा प्रश्न आला. हे तीर्थ पालिताणा संस्थानाच्या हद्दीत. यात्रेकरूंच्या रक्षणापोटी ठाकोरसाहेबांना रक्कम देण्याची रीत जुनी होती. १८६३ साली मेजर कीटिंज यांनी दहा वर्षांसाठी वार्षिक १०,००० रुपये असा आकडा ठरवून दिला होता. ती मुदत संपल्यावर वाद वाढत गेला आणि संस्थानाने प्रत्येक यात्रेकरूमागे दोन रुपये कर घेण्यास प्रारंभ केला.

दोन रुपये आज क्षुल्लक वाटतील. त्या काळी गरीब कुटुंबाला ती रक्कम जड होती. शिवाय प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. माणशी कर म्हणजे माणशी मोजणी. पायथ्याशी अडवणूक, नावनिशी, विचारपूस, वाद. वृद्ध, विधवा आणि लहान मुले यांनाही त्यातून सुटका नव्हती. देवदर्शनास निघालेल्या माणसाला आपण जणू जकातनाक्यावरचा माल आहोत असे वाटावे, ही खरी वेदना होती.

या प्रश्नावर संतापाची सभा घेणे सोपे होते. वीरचंदभाईंनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी जुने करार, पावत्या आणि पत्रव्यवहार एकत्र केला, वहिवाटीचा इतिहास क्रमवार मांडला आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे तसेच काठेवाडचे पोलिटिकल एजंट कर्नल वॉटसन यांच्यापुढे समाजाची बाजू ठेवली. अखेर १८८६ साली करार झाला. माणशी कर बंद होऊन त्याऐवजी वर्षाला १५,००० रुपये एकरकमी द्यावयाचे ठरले आणि ही व्यवस्था चाळीस वर्षांसाठी बांधली गेली.

रक्कम पूर्वीपेक्षा दीडपट झाली होती, हे खरे. पण यात्रेकरूची मोजणी थांबली, त्याचा सन्मान राहिला आणि दोन्ही पक्षांना चाळीस वर्षांची निश्चिती मिळाली. कोठे दोन पावले मागे यावे आणि कोणत्या मुद्द्यावर ठाम उभे राहावे, याचा विवेक चांगल्या वकिलाजवळ असतो. त्या कराराची मुदत १९२६ साली संपली तेव्हा तंटा पुन्हा उफाळला, संघाने यात्रेवर बहिष्कार घातला आणि १९२८ साली व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या मध्यस्थीने वार्षिक ६०,००० रुपयांवर समेट झाला. हे पाहिले म्हणजे आधीची चाळीस वर्षे शांततेत गेली, त्याचे श्रेय किती मोठे होते हे ध्यानी येते.

सम्मेदशिखरासाठी कलकत्त्यास

दुसरा प्रसंग याहूनही कठीण होता. वीस तीर्थंकरांची निर्वाणभूमी असलेला सम्मेदशिखर पर्वत त्या काळी बंगाल प्रांतातील हजारीबाग जिल्ह्यात होता. आज तो झारखंडमधील गिरिडीह जिल्ह्यात आहे. या पर्वताच्या परिसरात बोडम नावाच्या इंग्रज मळेवाल्याने डुकरांची चरबी काढण्याचा कारखाना उभारला. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाच्या पवित्रतम भूमीवर पशूंची कत्तल सुरू झाली. देशभरातील संघ व्यथित झाले. खालच्या न्यायालयात समाजाला यश आले नाही आणि प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात नेणे भाग पडले.

१८९१ साली वीरचंदभाई कलकत्त्यास गेले. खटल्याचा पाया असलेले जुने कागद बंगालीत होते. दुसऱ्याने केलेल्या भाषांतरावर विसंबणे त्यांना पटेना. म्हणून त्यांनी तेथे सुमारे सहा महिने राहून बंगाली भाषा शिकून घेतली, दस्तऐवज व लेख स्वतः वाचले आणि त्यांच्या आधारे समाजाची बाजू तयार करण्यास साहाय्य केले. अखेर निकाल समाजाच्या बाजूने लागला आणि कारखाना बंद झाला.

एका खटल्यासाठी एक नवी भाषा शिकणारा कार्यकर्ता आजही दुर्मिळच म्हणावा लागेल. सम्मेदशिखराच्या पावित्र्याचा प्रश्न त्यानंतरही वेळोवेळी उभा राहिला. २०२३ च्या जानेवारीत पर्यटनविषयक उपक्रमांना केंद्र सरकारने स्थगिती दिली, तेव्हा त्यामागेही देशभरातील जैन बांधवांची एकजूट होती. सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच पर्वतासाठी कलकत्त्यात एकट्याने कागद चाळत बसलेल्या त्या तरुणाची आठवण अशा वेळी आल्यावाचून राहत नाही.

समाजसुधारक व मित्र

वीरचंदभाई केवळ तीर्थांच्या दाव्यांपुरते मर्यादित नव्हते. मृत्यूनंतर ऊर बडवून रडण्याची जी रूढी गुजराती समाजात होती, तिच्या दुष्परिणामांवर त्यांनी तरुण वयातच निबंध लिहिला. १८९० साली वडिलांचे निधन झाले तेव्हा त्यांनी स्वतःच्या घरातही ती रूढी पाळू दिली नाही. जे लिहिले ते आधी घरी आचरले.

१८९१ साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले मोहनदास गांधी मुंबईत काही महिने राहिले. त्या वेळी सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करणारे वीरचंदभाई त्यांचे स्नेही होते. दोघे मिळून आहाराचे प्रयोग करीत आणि मुंबईतील नामांकित वकिलांच्या गोष्टी वीरचंदभाई आपल्या मित्राला सांगत. पुढे महात्मा झालेल्या या मित्राने आपल्या आत्मकथेत त्या दिवसांचा उल्लेख आवर्जून केला आहे. एक गांधी कायद्याच्या वाटेवरून राष्ट्रकार्याकडे गेले, दुसरे त्याच वाटेवरून धर्मकार्याकडे.

शिकागोची धर्मपरिषद

१८९३ च्या सप्टेंबर महिन्यात शिकागो येथे सर्वधर्म परिषद भरली. परिषदेचे निमंत्रण आचार्य विजयानंदसूरी ऊर्फ आत्मारामजी महाराज यांना आले होते. साधूंना समुद्रप्रवास वर्ज्य असल्याने आचार्यश्रींनी आपल्या वतीने वीरचंदभाईंना पाठविण्याचे ठरविले आणि त्यांना स्वतः जैन तत्त्वज्ञानाचे पाठ दिले. समाजातील काही मंडळींचा परदेशगमनास विरोध होता. तरीही एकोणतीस वर्षांचा हा तरुण, डोक्यावर काठेवाडी पद्धतीची पगडी आणि अंगावर लांब अंगरखा अशा वेषात, आहाराचे सर्व नियम सांभाळून अमेरिकेस गेला.

परिषदेत त्यांनी जैन आचार व तत्त्वज्ञान यांची सुबोध मांडणी केली. एका पाद्र्याने हिंदू मंदिरांवर अनुदार टीका केली तेव्हा वीरचंदभाईंनी उभे राहून तिला संयमपूर्वक उत्तर दिले. टीका आपल्या धर्मावर नव्हती म्हणून ते गप्प बसले नाहीत. परिषद संपल्यावरही त्यांनी शिकागो, बोस्टन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आदी शहरांत व्याख्याने दिली. वॉशिंग्टन येथे त्यांच्या नावाने तत्त्वज्ञान मंडळ स्थापन झाले आणि भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठीही एक संस्था उभी राहिली. परदेशातही त्यांनी केवळ टाळ्या मिळविल्या नाहीत; संस्था उभ्या केल्या, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८९५ साली ते मायदेशी परतले व पुढील वर्षी पुन्हा परदेशी गेले. १८९६-९७ च्या भीषण दुष्काळाची वार्ता कळताच त्यांनी अमेरिकेत मदत समिती उभारण्यास प्रेरणा दिली आणि धान्याने भरलेले जहाज व सुमारे ४०,००० रुपये भारतात धाडण्यात आले. त्या दुष्काळाची झळ आपल्या वऱ्हाडालाही लागली होती. या दौऱ्यात इंग्लंडमध्ये त्यांनी कायद्याचा अभ्यासही पुढे नेला आणि तीर्थविषयक प्रश्नांसाठी तेथेही प्रयत्न केले.

अखेर

सततचा प्रवास, व्याख्याने, अभ्यास आणि आर्थिक ओढाताण यांनी त्यांची प्रकृती ढासळली. मुंबईस परतल्यावर थोड्याच काळात, ७ ऑगस्ट १९०१ रोजी, त्यांचे निधन झाले. वयाची सदतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. त्यांनी समाजासाठी जे केले ते विनामोबदला केले. स्वतःची वकिली थाटून संपत्ती मिळविण्यास त्यांना वेळ मिळालाच नाही. त्यांच्या व्याख्यानांचे संग्रह पुढे १९११ ते १९१३ या काळात प्रसिद्ध झाले. शिकागोनजीक बार्टलेट येथील जैन मंदिराच्या परिसरात आज त्यांचा पुतळा उभा आहे.

आपल्या संस्थांसाठी बोध

वीरचंदभाई हयात होते तेव्हा आपले वाशीम बासीम या नावाने वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ साली तो जिल्हा मोडून अकोला व यवतमाळ जिल्ह्यांत विभागला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. या भूमीवर शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ तीर्थ आहे. कारंजा येथील सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांची प्राचीन मंदिरे आणि हस्तलिखितांचे भांडार आहे. शिरपूरच्या वादाचे कागद अकोल्याच्या न्यायालयातून नागपुरास आणि तेथून १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, हे आपल्या ज्येष्ठांना ठाऊक आहेच. तंट्याची किंमत आणि कागदाचे मोल या जिल्ह्याला कोणी वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना येथे १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा होता. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम विदर्भास लागू झाला; आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. या कायद्याने वीरचंदभाईंच्या काळी नसलेले संरक्षण दिले आहे. न्यासाची मिळकत परिशिष्ट एकमध्ये नोंदविली जाते. विश्वस्त बदलला की बदल अर्ज द्यावा लागतो. हिशेबांची तपासणी होते. स्थावर मिळकत विकणे किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून चालत नाही.

परंतु कायदा चौकट देतो, तिच्यात काम करणारी माणसे समाजालाच द्यावी लागतात. मृत विश्वस्ताचे नाव वर्षानुवर्षे नोंदीत तसेच राहिले, बक्षिसपत्र झाले पण सातबाऱ्यावर न्यासाचे नाव चढले नाही, मूळ घटनापत्र कोणाच्या कपाटात आहे हेच कोणास ठाऊक नाही, अशा लहान वाटणाऱ्या त्रुटींतून मोठे तंटे जन्म घेतात. नवा न्यास करताना वकील निवडावा तो केवळ मसुदा लिहून देणारा नव्हे. उद्देश स्पष्ट आहेत का, विश्वस्तांची निवड व मुदत ठरली आहे का, मतभेद झाल्यास मार्ग कोणता, मिळकत कोणाच्या नावे आहे, असे अप्रिय प्रश्न प्रारंभीच विचारणारा वकील हाच संस्थेचा खरा हितचिंतक. आणि असा वकील बाहेर शोधण्याबरोबरच आपल्याच घरातील मुला-मुलींना कायद्याच्या शिक्षणासाठी प्रोत्साहन देणे, हेही समाजाचे कर्तव्य आहे. १८८५ साली मुंबईच्या धुरिणांनी एका एकवीस वर्षांच्या तरुणाच्या हाती दप्तर सोपविले नसते, तर वीरचंदभाई समाजाला लाभले असते काय, याचा विचार प्रत्येक संस्थेच्या ज्येष्ठ विश्वस्तांनी अवश्य करावा.

मंदिराच्या कळसाकडे सर्वांची दृष्टी जाते; पायातील दगड कोणास दिसत नाही. वीरचंदभाईंनी जन्मभर पायातील दगडाचे काम केले. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.